सुलतानाच्या आईचं काम

३० जानेवारी १९८१, शुक्रवार

आज ह्यांच्याशी अबोला धरला आहे. जेवण वाढलं, ताक दिलं, पण तोंडातून चकार शब्द काढला नाही. मुलं गावी सासूबाईंकडे, बहरीनमध्ये सलमानियाच्या ह्या दोन खोल्यांत बोलायला तिसरं माणूस नाही, म्हणून वही काढली. बोललं नाही तर माझं पोट फुटेल.

झालं असं. आम्ही रत्नागिरीकडची माणसं दर शिमग्याला ईसा टाउनच्या हॉलमध्ये नमन करतो. आधी गणपती, मग गवळण, शेवटी वग, म्हणजे राजा-राणीचं नाटक. वग कागदावर लिहिलेला नसतो. गोष्ट ठरवायची आणि पुढे जो तो आपल्या डोक्याने बोलतो. दरवर्षी तोच कुठला तरी राजा आणि तोच त्याचा कपटी प्रधान. यंदाची बैठक आमच्या घरी होती. तिथे आमचे शेजारी जमालुद्दीनभाई, पावसचे, शिपिंग कंपनीत क्लार्क आहेत, ते म्हणाले, "तुर्कस्तानच्या सुलतानाचा दरबार करूया. तिकडं सुलतान नुसता गादीवर बसायला. खरं राज्य त्याच्या आईचं. वजीरसुद्धा आधी तिच्या दाराशी चपला काढायचा."

मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते, तशीच थांबले. हे काम माझं! आमचे बाबा गावच्या नमनाचे मुख्य. मी परकर नेसायची तेव्हापासून सगळ्या राजांचं बोलणं मला पाठ. डोक्यावर टॉवेल बांधून गोठ्यातल्या म्हशीपुढे वग करायची मी. म्हशीने कधी नावं ठेवली नाहीत.

ट्रे ठेवला आणि म्हटलं, "आईचं काम मी करते."

दाजी आमच्या नमनाचे मुख्य, पंचवीस वर्षं बहरीनमध्ये, वर्कशॉपचे फोरमन आणि कायमचे राजे. ते खाली बघून म्हणाले, "रत्नाबाय, नमन देवाचा खेळ हाय. नारळ ठेवून रंग लावतो आपण. बायकांना अडचण असते. आजवर झालं नाय, पुढं व्हनार नाय."

आमचे हे, म्हणजे शिवदास, नमनात मृदंग वाजवतात. त्यांनी बायकोसाठी एक शब्द बोलावा? छे! मृदंगाची वादी ओढत बसले. आणि तेवढ्यात त्या दत्तारामने पुढे होऊन देवापुढचा नारळ उचलला. "आईचं काम मी करतो." नारळ उचलला म्हणजे खलास, ते काम त्याचं, ते काढून घेता येत नाही. दत्ताराम! झाडूसारखी मिशी आणि वाशासारखा ताठ. आजवर फक्त लाइटचं बटण दाबलंय त्याने. इलेक्ट्रिशियन आहे ना. नारळ उचलल्यावर त्याने ह्यांच्याकडे बघितलं आणि ह्यांनी मान हलवली. पाहिलं मी. दोघे सामील आहेत.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

अबोला चौथ्या दिवशी मोडला. गॅस संपला, सांगावं लागलं.

आज दत्ताराम दारात हजर, मागे रखमा, त्याची बायको. तिला आठवा चालू आहे. "वैनी, मला आईचं काम शिकवा." मी म्हटलं, "माझ्या तोंडचा घास घेतलास आणि आता मीच भरवू?" दार लावणार होते, पण रखमा जिना चढून दमली होती. पोटुशी बाईला दारात उभं कसं ठेवणार?

बसले. मी म्हटलं, दोन वाक्यं बोलून दाखव. तो बोलला. अगं बाई! सुलतानाची आई की रेशन दुकानावरचा माणूस! मीच उठले, पदर डोक्यावर घेतला आणि वजिराला झापायचा सगळा प्रवेश करून दाखवला. रखमा टाळ्या वाजवत म्हणाली, "ताई, परत एकदा. ह्यांच्या डोक्यात लवकर शिरत नाही." परत केला. तेव्हा म्हणे, आता बसून कशी बोलेल ते दाखवा. बसून केला. म्हणे, रागावली तर? रागावून केला. तो मिशीला पीळ देत नुसता बघत होता. मी शेवटी म्हटलं, "मेल्या, एकदा तरी तू कर!" तर म्हणतो, "उद्या करतो."

हे स्वयंपाकघरात भांडी घासत होते. कधी नव्हे ते.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

अख्तरभाभी, जमालुद्दीनभाईंची बायको, कपडे शिवताहेत. त्यांनी मनामाच्या सूकमधून, म्हणजे बाजारातून, हिरवं जरीचं कापड आणलंय, बघितलं आणि माझा जीव कासावीस झाला. भाभी म्हणाल्या, "रत्ना, जरा उभी रहा. दत्तारामची शिफ्ट आहे, तुझ्यावर माप घेते."

"भाभी, तो सहा फूट आणि मी पाच. माझ्या मापाने शिवलंत तर त्याचे गुडघे दिसतील."

"खालून झालर लावीन," म्हणाल्या आणि टाचण्या तोंडात धरल्या, म्हणजे पुढे बोलायला नको. कंबर माझी, खांदे माझे, बाह्या माझ्या. एवढी हुशार बाई, पण शिवणात अक्कल शून्य. उद्या तो त्यात कोंबला गेला की टराटरा फाटेल, मग कळेल.

आरशात मात्र बघून घेतलं. खरं सांगते, फार छान दिसत होते.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

दरबारात कारस्थानं असतात म्हणे. इस्तंबूलला जायला नको, आमच्या तालमीत या.

मी भजी घेऊन आत गेले की बोलणं बंद. जमालुद्दीनभाई, ते वजीर झालेत, ह्यांच्या कानाशी काहीतरी सांगत होते. मला बघितलं आणि मोठ्याने म्हणाले, "हां, तर मृदंगाची लय जरा वाढवा!" मृदंग तर कोपऱ्यात पडला होता. दत्ताराम बोटांवर काही मोजत होता आणि अख्तरभाभी त्याला "इंशाल्ला, इंशाल्ला" म्हणत होत्या. धाकट्या बेगमचं काम करणारा अन्सार तर मला बघून पदरात तोंड लपवून हसला. माझ्या पाठीमागे माझीच थट्टा चालते, दुसरं काय! म्हातारीला हौस आली, म्हणत असतील.

गोष्ट अशी ठरली आहे. वजीर आणि धाकटी बेगम मिळून सुलतानाला विषाचं सरबत पाजणार. आईला वास येतो. ती भर दरबारात येऊन पेला वजिराच्याच हातात देते आणि म्हणते, आधी तू पी. मग सुलतान न्याय देतो. दाजी सुलतान म्हणून शोभतात हं, ते मान्य करावं लागेल. अकरा वार कापडाचं पागोटं आणि आवाज असा की तांब्याची भांडी वाजावीत. चाळीस वर्षं राजा करताहेत, एकदाही अडखळले नाहीत. आईच्या प्रवेशात मात्र दत्तारामने तोंड उघडलं आणि दाजींनी कपाळाला हात लावला. माझ्याकडे नजर गेली त्यांची. मी भजी मोजत असल्यासारखं केलं.

८ मार्च, रविवार

आज स्वतःची लाज वाटली. इथे लिहिते, दुसऱ्या कोणाला सांगायची सोय नाही.

रखमाला घेऊन हॉस्पिटलला गेले होते. दर वेळी मीच नेते, तिचं इथे कोण आहे? परत येताना ती म्हणाली, "ताई, माझी दोन्ही मुलं आधीच झाली. दिलेली तारीख कधी पाळली नाही त्यांनी." आणि माझ्या डोक्यात वीज चमकली. मूल झालं की बापाला सोयर! दहा दिवस देवाच्या नारळाला हात लावायचा नाही, रंग लावायचा नाही. शिमग्याच्या आत रखमा मोकळी झाली तर दत्ताराम सुटला आणि आईचं काम रिकामं!

घरी येईपर्यंत मी मनात दिवस धरत होते. आणि घरी आल्यावर रखमाने माझ्यापुढे पाय पसरले, सुजलेले, भाकरीसारखे. मी तेल लावून चोळायला बसले तेव्हा मनात म्हटलं, रत्ने, तुझ्या नाटकापायी तू एका बाळाला घाई करतेस होय? देवा, ते त्याच्या वेळेला सुखरूप येऊ दे. माझं राहू दे.

असं म्हटलं खरं. पण "थोडं आधी आलं तरी चालेल" हेही म्हटलं. देवाला काय, सगळं ऐकू जातं.

१४ मार्च, शनिवार

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, अजून दोन आठवडे. खलास. नमन येत्या शुक्रवारी. दत्तारामचं तोंड माझ्यापेक्षा जास्त उतरलं, ते का ते देवाला ठाऊक. बापाला आनंद व्हायला हवा ना, की सगळं नीट चाललंय म्हणून? संध्याकाळी तो आणि हे जिन्यात सुतकी चेहऱ्याने बसले होते. ह्यांना विचारलं तर म्हणाले, "काही नाही, पिकअपचं क्लच गेलंय."

मी चारशे माणसांच्या चहाची जबाबदारी घेतली आहे. आलं किसता किसता माणसाचं मन शांत होतं.

२१ मार्च, शनिवार

नीट पहिल्यापासून लिहिते.

काल सकाळी आठला दत्ताराम धावत आला. रखमाला कळा सुरू झाल्या होत्या. त्याला म्हटलं, "तू हॉलवर जा, लाइट लावायचे आहेत, चार वाजता नमन उभं राहायचं आहे. मी बसते तिच्याजवळ." चहाचं काम अख्तरभाभींच्या गळ्यात घातलं आणि गेले.

शपथेवर सांगते, दिवसभर मला सुलतान आठवला नाही, ना त्याची आई. रखमा माझा हात असा पिळत होती की बांगड्या वाढल्या, एक नाही, तीन. दुपारी अडीचला आत नेलं. मी बाहेर मारुती स्तोत्र अर्धं म्हणायची, विसरायची, परत पहिल्यापासून. चार वाजून गेले. आणि मग नर्सबाईने दार उघडून सांगितलं, मुलगी! दोघी छान आहेत! आत गेले तर हे एवढंसं तोंड, काळंभोर जावळ आणि गर्जना अशी की सगळा वॉर्ड जागा. मी रडले, हसले, त्या नर्सबाईचा मुका घेतला. रखमा घामाने निथळत होती, तरी मला म्हणते, "ताई, तुम्ही अजून इथे काय करताय? जा ना!"

"कुठे जाऊ?"

"अहो, ह्यांना सोयर आलं ना!"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पळत व्हरांड्यात आले तर समोर हे उभे! मृदंग सोडून! "इकडे कसे?" तर म्हणे, "सहज, चौकशीला." मृदंगावर दुसऱ्याला बसवून आले होते. पिकअपमध्ये बसले तर सीटवर हिरवी जरीची पेशवाज, भाभींनी शिवलेला आईचा तो झगा, घडी करून ठेवलेला. मी विचारलं, ही इथे काय करतेय? म्हणाले, "इस्त्रीला नेत होतो." बघा, शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी कुठली इस्त्रीवाली दुकानं उघडी असतात? पण पुरुषांना कुठे कळतं.

हॉलमागच्या खोलीत पोचलो तेव्हा पुढे गवळण रंगात आली होती. दत्ताराम साडी नेसून, मिशीसकट, रंगाच्या डब्यापुढे बसला होता. अजून रंग लावला नव्हता, डबा नुसता उघडत होता आणि बंद करत होता. मी ओरडले, "दत्ताराम, मुलगी झाली!" तो ताडकन उठला, साडीत पाय अडकून पडला, परत उठला आणि नाचायलाच लागला. "मुलगी झाली! मला सोयर आलं! मला सोयर आलं!" सोयर आल्याचा एवढा आनंद झालेला माणूस मी जन्मात पाहिला नाही.

दाजी पागोटं बांधत होते. त्यांचा हात थांबला. सगळं त्यांना कळलं. म्हणाले, "परदेशात कसलं सोयर नि कसलं काय. विमानात बसलो तवाच समद्रात पडलं ते. दत्ताराम, रंग लाव."

जमालुद्दीनभाई वजिराची दाढी चिकटवत होते. तिथूनच म्हणाले, "दाजी, सोयर समुद्रात पडलं आणि बायकांची अडचण तेवढी बरोबर बहरीनला उतरली काय? तिला वेगळा व्हिसा दिला का?"

खोलीत हशा. दाजींचा चेहरा लाल. मला राहवलं नाही. "दाजी, आजवर तुम्ही म्हणालात बायकांना अडचण असते. आज अडचण बाप्याला आली आहे. आता बोला!"

दाजी म्हणाले, "तू बाळंतिणीला शिवून आलीस."

"मी आंघोळ केली की सुटले. तो दहा दिवस अडकला. नियम तुमचाच."

बाहेर गवळणीच्या टाळ्या पडत होत्या. माझ्या छातीत असं धडधडत होतं की ते मृदंगाचं की माझं, कळेना. दाजींनी एकदा दत्तारामच्या मिशीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि पाठ वळवून पागोटं बांधायला लागले. पाठ वळवूनच म्हणाले, "पाणी गार असंल. लवकर आटप."

अख्तरभाभींनी मला हात धरून बाथरूममध्ये ओढलं आणि बादली डोक्यावर ओतली. यल्ला, यल्ला, चल लवकर म्हणत पुसलं, पेशवाज चढवली. काय सांगू, माझ्या अंगाला अगदी जशीच्या तशी बसली! खालची झालर लावायची राहून गेली होती म्हणे. माझं नशीब.

आणि मी उभी राहिले. चारशे माणसं. कुजबुज झाली, "अरे, ही शिवदासची बायको!" मागच्या रांगेतून कोणी शिट्टी मारली. मी तिथेच अडून राहिले. ह्यांनी मृदंग परत हातात घेतला होता. त्यांनी माझ्या पावलाला एक थाप दिली. मी दुसरं पाऊल टाकलं, दुसरी थाप. अशी मी दरबाराच्या मधोमध आले.

दाजींनी पहिलाच खोचक बाण सोडला, कुठल्या तालमीत नव्हता तो. "अम्माजान, दरबार कधीचा भरलाय. इतका उशीर?"

मी म्हटलं, "बाळा, आम्ही केव्हाच्या बाहेर उभ्या आहोत. तुझ्याच राज्यात दार उघडायला वेळ लागतो."

बायकांच्या बाजूने जो ओरडा झाला! दोन मिनिटं बोलता येईना. मग माझी भीती कुठल्या कुठे पळाली. सरबताचा पेला हुंगला, वजिरापुढे धरला. "पी." जमालुद्दीनभाई असे थरथरले की पेल्यातलं अर्धं रुहअफजा माझ्या पायावर. "पी, वजीरसाहेब. माझ्या लेकासाठी केलंस ना, चव तरी बघ." अन्सार बेगम होऊन रडायला लागला, मी त्याचा कान धरला, तो खरंच कळवळला. लोक उभे राहून हसत होते.

आणि मग न्यायाची वेळ आली. दाजी गादीवरून उठले. गर्जना येणार म्हणून सगळे श्वास धरून बसले होते. दाजी मात्र चालत माझ्यापुढे आले, अकरा वारांच्या पागोट्यासकट वाकले आणि त्यांनी माझ्या पायांवर डोकं ठेवलं. माझ्यापेक्षा अठरा वर्षांनी मोठा माणूस! माझे पाय आपोआप मागे निघाले होते, मी दाबून धरले. सुलतानाची आई पाय मागे घेत नाही.

तेव्हा खालून दाजींचा आवाज आला, फक्त मला ऐकू येईल असा. "रत्ना, पुढचं इसरलो. न्याय काय द्यायचा, सांग."

मी घाबरलेच. मग आशीर्वाद द्यायला वाकल्यासारखं केलं, डोक्यावर हात ठेवला आणि कानात सांगितलं, "वजिराला मारू नका. त्याला माझ्या मुदपाकखान्यात कांदे चिरायला लावा, जन्मभर." दाजी उठले आणि तोच न्याय असा गरजले की हॉलचे पंखे हलले. हसून हसून माणसं खुर्च्यांवरून खाली यायची बाकी होती. टाळ्या दाजींना पडल्या. पडू देत. सुलतानाच्या तोंडून माझा न्याय निघाला, हे मला ठाऊक आहे.

हे मी कोणाला सांगितलं नाही. ह्यांनाही नाही. वगात कधी कोणाची वाक्यं ठरलेली नसतात, जो तो आपल्या मनाने बोलतो, आणि दाजी तर चाळीस वर्षांत एकदाही अडखळले नाहीत. नेमके कालच कसे विसरले, कोण जाणे. वय झालं बिचाऱ्यांचं. पुढच्या वर्षी मला त्यांच्या जवळच उभं राहावं लागेल.